बांगडा खाली बसलाय, हे मावशींना कसं कळलं?

गंगावेशकर (धागाकर्ता)

श्रावण पाळला, गणपती झाले, आणि परवा रविवारी दोन महिन्यांनी मासळी बाजारात पाय ठेवला. बांगडा बारीक, आणि दर ऐकून पिशवीची घडी परत खिशात. नेहमीच्या मावशींना म्हटलं, मासेमारीची बंदी उठून एवढे दिवस झाले, माल कुठाय? मावशी म्हणाल्या, "वरचं पाणी तापलंय दादा, बांगडा खाली बसलाय. गार झालं की येईल वर."

मी मान डोलावली. सोबत लेक होती, आठवीतली. गाडीवर बसता बसता तिनं विचारलं, "बाबा, त्यांना कसं कळलं? खाली जाऊन बघितलं कुणी?"

उत्तर नव्हतं. आपली समुद्राशी ओळख अंबा घाट चढून येणाऱ्या बर्फाच्या पेट्यांपुरती. म्हणून चार रात्री वाचत बसलो. जे कळलं ते लिहितो, चुकलं तर सुधारा.

पहिली अडचण अशी की समुद्राच्या पाण्यात रेडिओ लहरी जवळपास जातच नाहीत. म्हणजे गाडीला लावतो तसला जीपीएस माशाला लावून उपयोग शून्य. जो मासा वर येऊन पाठीवरचा पर बाहेर काढतो, काही शार्क काढतात, त्याच्या परावर ट्रान्समीटर बसवता येतो. पर पाण्याबाहेर आला की तो उपग्रहाला हाक मारतो. पण ट्यूना, म्हणजे आपला कुप्पा, महिनोन्महिने पाण्याखालीच. त्याच्यासाठी वेगळी युक्ती केली. पाठीत रुतवलेल्या बारीक दोरीला बोटभर लांबीचा टॅग, त्यात दाब, तापमान आणि उजेड मोजणारे सेन्सर. दाबावरून खोली कळते. ठरवलेल्या दिवशी टॅगमधून वीज सोडली जाते, खाऱ्या पाण्यात त्याची धातूची पिन गंजून तुटते, टॅग सुटून वर तरंगतो आणि साठवलेल्या माहितीचा सारांश उपग्रहाकडे पाठवू लागतो. १९९७ मध्ये अटलांटिकमधल्या ब्लूफिन ट्यूनावर हे पहिल्यांदा केलं गेलं.

उपग्रहावरची ही यंत्रणा म्हणजे आर्गोस. फ्रान्स आणि अमेरिकेनं ती १९७८ पासून चालवली. आपलाही त्यात हात आहे: इस्रो आणि फ्रान्सचा सरल उपग्रह २५ फेब्रुवारी २०१३ ला श्रीहरिकोट्याहून गेला, त्यावर आर्गोसचं यंत्र आहे.

दुसरी अडचण मला जास्त आवडली. टॅग शेवटी जिथं वर आला ती जागा उपग्रहाला कळली. पण मधले सहा महिने मासा कुठं होता? तर उजेडावरून काढतात. सूर्य उगवला कधी, मावळला कधी. दोन्हींच्या बरोबर मधली वेळ म्हणजे तिथली दुपार, त्यावरून रेखांश. आणि दिवस किती तासांचा, त्यावरून अक्षांश. जुने दर्यावर्दी जे यंत्र घेऊन करायचे तेच हे माशाच्या पाठीवर बसून.

आता माझा प्रश्न. सगळीकडे लिहिलंय की अमुक मासा अमुक तापमान 'पसंत करतो'. पसंत म्हणजे काय? मला ऑफिसात एसीखालची खुर्ची मिळाली आहे म्हणजे मला एसी पसंत आहे असं नाही.

शंकेखोर

पितृपक्षात बांगडा?

गंगावेशकर

आमच्यात चालतो. विषयावर या.

शंकेखोर

येतो. एवढा टॅग पाठीत खुपसल्यावर मासा नेहमीसारखा वागत असेल हे कशावरून? मला कुणी पाठीत हुक घालून सोडलं तर मीही चार दिवस खाली जाऊन बसेन, तापमानाचा काही संबंध नसताना.

मत्स्यगंधा_के

मूळची कोल्हापूरची, सध्या कोचीत सागरी जीवशास्त्रात संशोधन करते. बांगड्यावर धागा आणि तोही आपल्या गावातून, राहवलं नाही.

शंका रास्त आहे. टॅग लावल्यावर सुरुवातीचे काही दिवस मासे बिथरलेले असतात, आणि बऱ्याच अभ्यासांत तेवढी नोंद गाळून टाकतात. शिवाय असा टॅग लहान माशाला लावताच येत नाही. म्हणजे गंगावेशकर, एक निराशेची बातमी: आजवर कुणीही बांगड्याला उपग्रहाचा टॅग लावून त्याच्या मागे गेलेलं नाही. वीतभर मासा, त्याला ते ओझं झेपणारच नाही. ही सगळी विद्या कुप्पा, तलवार मासा, शार्क, व्हेल शार्क अशा थोरांची. बांगड्या-तारलीचं जे कळतं ते कुठल्या जाळ्यात, किती खोलीवर, कुठल्या महिन्यात किती मिळाले त्यावरून.

मोठ्या माशांचे दोन किस्से सांगते. नोव्हेंबर २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका पांढऱ्या शार्क मादीला टॅग लावला, नाव ठेवलं निकोल. ९९ दिवसांनी टॅग सुटून वर आला तो थेट पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ. ११ हजार किलोमीटर. आणि ऑगस्ट २००४ मध्ये हीच बाई परत आफ्रिकेत, पाठीवरच्या पराच्या कडेवरच्या खाचांवरून ओळखली. वाटेत ती बराच काळ अगदी पृष्ठभागालगत पोहली आणि अधूनमधून शेकडो मीटर खोल बुड्या मारल्या, तिथलं पाणी ३-४ अंशांचं.

दुसरा किस्सा टॅगशिवायचा. मार्च २०११ ला जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुभट्टीची दुर्घटना झाली. ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ पकडलेल्या १५ ब्लूफिनच्या मांसात किरणोत्सारी सीझियम-१३४ सापडलं, सगळ्यांच्या. हे समस्थानिक दोनेक वर्षांत निम्मं होतं, त्यामुळे जुन्या अणुचाचण्यांमधलं उरलेलं असणं शक्य नव्हतं. म्हणजे ही पोरं त्या उन्हाळ्यात जपानकडून पॅसिफिक ओलांडून आली होती. प्रमाण इतकं कमी होतं की माशात निसर्गतःच असणाऱ्या पोटॅशियमचा किरणोत्सार त्याहून कितीतरी जास्त. पण शिक्का बसला होता.

'पसंती'बद्दल उद्या लिहिते, तो मोठा विषय आहे.

दर्यावर्दी_देवगड

बोटीवरचा माणूस आहे मी, वाचतोय सगळं. मावशीला कसं कळलं ते सांगतो: आम्ही सांगितलं. घाट चढून मासा जातो तसा त्याच्याबरोबर निरोपही जातो. वरच्या जाळ्याला बांगडा लागत नाही आणि तळाच्या ट्रॉलला, म्हणजे तळाशी ओढायच्या जाळ्याला लागतो, तेव्हा खाली आहे म्हणायचं. बघायला कशाला जायला पाहिजे.

आणि हल्ली मोबाइलवर येतं. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राचा अंदाज: अमुक बंदरापासून या दिशेला, इतक्या किलोमीटरवर, इतक्या वाव खोलीत मासा मिळण्याची शक्यता. कधी लागतो, कधी डिझेल जातं.

चिलिंगप्लांट

त्या अंदाजात काय बघतात? उपग्रहाला मासा तर दिसत नसणार.

मत्स्यगंधा_के

मासा नाही, त्याचं ताट दिसतं. उपग्रह दोन गोष्टी मोजतो: पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्याचा रंग. रंगावरून हरितद्रव्य, म्हणजे वनस्पती-प्लवंग, पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, किती ते. गार आणि कोमट पाणी जिथं एकमेकांना भिडतं त्या रेषेवर प्लवंग साठतं, त्यावर बारका मासा, त्यावर मोठा. ती रेषा शोधून अंदाज देतात. पण तापमान इन्फ्रारेडवर मोजत असल्यानं ढगाखालचं काही दिसत नाही. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर ढगच ढग. तसंही १ जून ते ३१ जुलै बंदीच असते.

आबा_शिरोळ

पोरांनो लय भारी चाललंय. आमी नरसोबाच्या वाडीपाशी, पंचगंगा किष्णेला मिळती तितं गळ टाकून बसनारी मानसं. माजा इचार असा, आमच्या नदीतली वाम पन समुद्रात जाती म्हनत्यात. खरं हाय का? का कुनीतर थाप मारलीया?

मत्स्यगंधा_के

आबा, नमस्कार. तुम्ही खाता ती काटेरी पाठीची वाम नदीतच जन्मते, नदीतच मरते. ती खरी ईल नव्हेच, दिसते तशी एवढंच. पण थापही नाही. अँग्विला जातीची खरी ईल गोड्या पाण्यात वाढते आणि अंडी घालायला समुद्रात जाते. युरोपातली ईल जाते अटलांटिकमधल्या सरगॅसो समुद्रात, हजारो किलोमीटर. शंभर वर्षांपूर्वी डॅनिश शास्त्रज्ञ योहानेस श्मिट यांनी बारक्या बारक्या पिल्लांच्या मागं जात जात ती जागा अंदाजानं ठरवली. मोठी ईल तिथं पोचल्याचा प्रत्यक्ष पुरावा मात्र २०२२ मध्ये छापला गेला, अझोर्स बेटांपासून टॅग लावून सोडलेल्या ईलमुळे. दिवसा खोल गार पाण्यात, रात्री वर, असं रोज खालीवर करत ती जाते.

आबा_शिरोळ

म्हंजी दिवसा लपायचं, रातच्याला चालायचं. शानी हाय.

गंगावेशकर

ताई, पसंतीचं राहिलं.

मत्स्यगंधा_के

हो. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

बहुतेक माशांच्या अंगाचं तापमान पाण्याइतकंच. रक्त कल्ल्यांत जातं तिथं पाण्याशी पातळ पडद्याइतकं अंतर, सगळी ऊब पाण्यात निघून जाते. पण १८३५ मध्येच जॉन डेव्ही नावाच्या डॉक्टरनं नोंदवून ठेवलं होतं की ट्यूनाच्या जातीचा मासा पकडून थर्मामीटर खुपसला तर आजूबाजूच्या पाण्यापेक्षा साधारण १० अंश जास्त भरतो. पुढे १९६०-७० च्या दशकात अमेरिकेत वुड्स होल या सागरी संशोधन संस्थेच्या फ्रँक कॅरी यांनी ब्लूफिनच्या आत तापमान सांगणारे ध्वनी-ट्रान्समीटर बसवले आणि बोटीतून पाण्याखाली कान लावून माशामागं दिवसरात्र फिरले. मासा कोमट पाण्यातून गार पाण्यात शिरला तरी आतलं तापमान फारसं हललं नाही.

हे कसं जमतं? स्नायूत जाणाऱ्या आणि स्नायूतून येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांचं एक दाट जाळं असतं. दोन्ही प्रवाह उलट दिशेनं, एकमेकांना चिकटून...

चिलिंगप्लांट

थांबा थांबा ताई. हे मी सांगतो, माझी रोजची भाकरी आहे ही.

दूध संकलनाच्या प्लांटला वीस वर्षं काढली. पाश्चराइज करताना दूध ७२ अंशांवर १५ सेकंद धरायचं आणि मग परत ४ अंशांवर आणायचं. आता ४ चं ७२ करायला वाफ जाळायची आणि ७२ चं ४ करायला कॉम्प्रेसर पिदडायचा, हे परवडणारं नाही. म्हणून प्लेट हीट एक्सचेंजरमध्ये बाहेर निघालेलं गरम दूध आणि आत येणारं गार दूध पातळ पत्र्याच्या दोन बाजूंनी उलट दिशेनं सोडतात. गरम दूध जाता जाता आपली उष्णता येणाऱ्याला देऊन जातं. नव्वद टक्क्यांच्या आसपास उष्णता अशी घरातल्या घरात फिरते, वाफ फक्त वरच्या तुटीपुरती. दोन्ही एकाच दिशेनं सोडलं तर निम्म्यावर गाडी थांबते, कारण दोघांचं तापमान मध्येच सारखं होतं.

म्हणजे कुप्प्याच्या अंगात स्नायू हा होल्डिंग सेक्शन, जिथं दूध गरम धरतात तो, आणि ते जाळं म्हणजे रीजनरेशन सेक्शन, उष्णता परत फिरवणारा. ऊब कल्ल्यांपर्यंत पोचायच्या आत परत फिरते. नाद खुळा डिझाइन आहे. फक्त एक सांगा, साफ कसं करत असेल?

मत्स्यगंधा_के

दादा, शेवटचा प्रश्न सोडून शंभरपैकी शंभर. क्लासमध्ये मी हेच उदाहरण देणार आता.

पण ह्या प्लांटमध्ये एक कच्चा दुवा आहे. हृदय. ते जाळ्याच्या बाहेर आहे. त्याच्यात येणारं रक्त गार, त्याला स्वतःला मिळणारं रक्तही कल्ल्यांतून थेट आलेलं. म्हणजे स्नायू गरम, आणि काळीज पाण्याइतकं गार. पाणी फार गार झालं की ठोके मंदावतात, आणि इंजिन तयार असून पंप चालत नाही. पिवळ्या पराचा कुप्पा, यलोफिन, याच्या टॅगनोंदींत दिसतं की तो बहुतेक वेळ पृष्ठभागाच्या पाण्यापेक्षा ८ अंशांहून जास्त गार पाण्यात जात नाही. गेला तरी चटकन वर. ही 'पसंती' नव्हे, हृदयानं घातलेली मर्यादा आहे.

मोठ्या डोळ्यांचा कुप्पा, बिगआय, याचं वेगळं. तो दिवसभर ३००-५०० मीटर खाली, काळोख्या गार पाण्यात शिकार करतो आणि मधूनमधून सरळ वर येऊन पाच-दहा मिनिटं अंग शेकून परत खाली. थंडीत आपण शेकोटीपाशी येतो तसा. आता याची पसंती काय लिहायची? गार म्हणायची की कोमट? सरासरी काढली तर असं एक तापमान येतं ज्यात तो फक्त येता-जाता क्षणभर असतो.

तलवार मासा तर आणखी चिक्कू. अख्खं अंग गरम ठेवायच्या भानगडीत पडत नाही, डोळ्यांजवळचा एक स्नायू फक्त उष्णता करण्याच्या कामाला लावलाय, त्यानं मेंदू आणि डोळे पाण्यापेक्षा १०-१५ अंश गरम. खोल पाण्यात भक्ष्याच्या हालचाली पटापट दिसल्या म्हणजे झालं. आणि ज्याचं हृदयसुद्धा गरम राहतं असा मासा २०१५ मध्ये जगासमोर आला: ओपा, गोल ताटासारखा. त्यानं उष्णता वाचवायचं जाळं थेट कल्ल्यांतच बसवलंय, जिथून ऊब पळते तिथंच. आणि ऊब येते कुठून, तर सतत पर फडफडवण्यातून. अंग पाण्यापेक्षा साधारण ५ अंश गरम.

दर्यावर्दी_देवगड

कुप्पा गरम असतो हे आम्हाला पुस्तक न वाचता माहीत. गळावर दमवलेला कुप्पा वर घेतला की हाताला ऊब लागते. जपानवाले असा झटापट केलेला, आतून शिजल्यासारखा फिका पडलेला मासा घेत नाहीत, भाव पडतो. म्हणून लगेच मारून बर्फात, आणि बर्फ पोटातसुद्धा.

घाटावरच्या लोकांनी एवढं लक्षात ठेवा: कुप्पा आणि बांगडा बर्फाशिवाय ठेवला तर त्यात हिस्टामिन होतं. खाल्ल्यावर तोंड लाल, डोकं ठणकतं, अंगावर पुरळ. शिजवून जात नाही ते. वास येत नाही म्हणून फसू नका. घाटात गाडी बंद पडली होती असं कुणी म्हणालं तर तो मासा घेऊ नका, कितीही स्वस्त देऊ दे.

कोथिंबीरवडी

मी शाकाहारी आहे पण वाचनखूण साठवली.

शंकेखोर

मला एक खटकतंय. मघाशी लिहिलंत की अक्षांश दिवसाच्या लांबीवरून काढतात. मी जरा पुढं वाचलं. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास सगळ्या पृथ्वीवर दिवस बारा तासांचाच. म्हणजे तेव्हा अक्षांश निघणारच नाही. मग काय करतात तर टॅगनं मोजलेलं पृष्ठभागाचं तापमान घेतात आणि उपग्रहाच्या नकाशावर त्या रेखांशावर तेवढं तापमान कुठं आहे ते बघून मासा तिथं ठेवतात. तापमानावरून जागा ठरवायची आणि मग त्या जागेवरून म्हणायचं की माशाला हे तापमान आवडतं. हे म्हणजे पंचांगात बघून पाऊस पडला म्हणायचं आणि पाऊस पडला म्हणून पंचांग खरं म्हणायचं.

मत्स्यगंधा_के

छान पकडलंत. अर्धं बरोबर आहे.

टॅग लावलेल्या माशाचं तापमान टॅगच्याच थर्मामीटरवर, माशाच्या पाठीवर मोजलेलं असतं. ते नकाशावरून घेतलेलं नसतं. नकाशा फक्त जागा पक्की करायला. तेव्हा मासा 'कोणत्या तापमानात होता' हे पक्कं, 'कुठे होता' हे ढोबळ. शिवाय बिगआय आणि तलवार मासा नेमके पहाटेच खाली निघतात आणि संध्याकाळी वर येतात, त्यामुळे सूर्योदय-सूर्यास्ताच्या नोंदीच गढूळ होतात. एका अंशाची चूक म्हणजे १११ किलोमीटर, आणि अक्षांशात तेवढी चूक हा चांगला दिवस मानतात.

पण तुमचा आक्षेप जिथं खरा लागू पडतो ती जागा वेगळी. अनेक अभ्यास टॅगशिवाय होतात: बोटींनी मासा कुठे पकडला, तिथं त्या दिवशी उपग्रहावर पृष्ठभागाचं तापमान किती, घ्या सरासरी, झाली 'पसंती'. मासा असतो शंभर मीटर खाली, तापमान वरच्या कातडीचं. आणि बोटी कुठं गेल्या? जिथं तापमानाच्या अंदाजानं सांगितलं तिथंच. हे तुमचं पंचांग.

आपल्या अरबी समुद्रात तर आणखी एक भानगड आहे. साधारण १०० ते १५० मीटरच्या खाली पाण्यात प्राणवायू जवळपास संपतो, आणि तो कमी असलेला थर हजार मीटरपेक्षाही खालीपर्यंत आहे. जगातल्या मोठ्या अशा थरांपैकी एक. पाणी तिथंच गारही होतं. आता यलोफिन त्या रेषेखाली जात नाही तो थंडीमुळे की गुदमरल्यामुळे? टॅगवर तापमानाचा सेन्सर असतो म्हणून कागदावर तापमान येतं. आपण जे मोजतो त्यालाच कारण ठरवतो, हा माणसाचा स्वभाव. त्यामुळे माझ्या लेखी 'तापमान पसंती' हा शब्द वाईट आहे. मासा जिथं सापडला तिथं त्याला श्वास घेता येत होता, हृदय चालत होतं आणि खायला होतं, इतकंच खात्रीनं म्हणता येतं.

शंकेखोर

पटलं. हे माझ्याकडून दुर्मीळ आहे, नोंद घ्यावी.

चिलिंगप्लांट

स्क्रीनशॉट काढला.

बेळगावकर_विक्रम

उशिरा आलो. अटलांटिकमध्ये ब्लूफिनच्या कोट्यासाठी ४५ अंश पश्चिम रेखांशावर नकाशात रेघ मारलेली आहे म्हणे: अलीकडचा तुमचा, पलीकडचा आमचा. हे खरं का?

मत्स्यगंधा_के

खरं. आणि स्टॅनफर्डच्या बार्बरा ब्लॉक आणि सहकाऱ्यांच्या टॅगनी दाखवलं की अंडी घालायला एक कळप मेक्सिकोच्या आखातात जातो, दुसरा भूमध्य समुद्रात. पण चरायला दोन्ही मधल्या अटलांटिकमध्ये एकत्र, रेघेच्या अलीकडे-पलीकडे. पश्चिमेचा कळप लहान आहे, त्यामुळे रेघेपलीकडे पकडलेला मासा कुणाचा हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो.

बेळगावकर_विक्रम

आमच्याकडच्या रेघेबद्दल काही बोलत नाही, धागा उडेल.

गंगावेशकर

मग मावशींचं वाक्य बरोबर की चूक? लेक रोज विचारते.

मत्स्यगंधा_के

दिशा बरोबर, ठाम म्हणू नये. सांगते.

पूर्वी तारली ही मुख्यतः केरळ आणि दक्षिण कर्नाटकाची, साधारण ८ ते १४ अंश उत्तर. समुद्र तापत गेला तशी ती उत्तरेकडे सरकली, महाराष्ट्र-गुजरातपर्यंत मिळू लागली. बांगडाही उत्तरेला पसरला, आणि पूर्वी वरच्या थरातला समजला जाणारा हा मासा तळाच्या ट्रॉलला जास्त मिळू लागला. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं हे मांडलंय. पण त्याच काळात ट्रॉलरही वाढले, ताकदवान झाले. मासा खाली गेला की जाळं? दोन्ही थोडं थोडं, असं माझं मत. आणि तारलीचं एकट्या तापमानानं गणित सुटत नाही: केरळात २०१२ मध्ये सुमारे ४ लाख टन, २०२१ मध्ये ३ हजार टनांच्या घरात. समुद्र त्या नऊ वर्षांत एवढा तापला नाही. पाऊस, तळातून वर येणारं गार पाणी, प्लवंग, आणि लहान पिल्लांची बेसुमार पकड, सगळं त्यात आहे.

सप्टेंबरात आणखी एक होतं. पावसाळ्यात किनाऱ्यालगत खालचं गार, प्राणवायू कमी असलेलं पाणी वर सरकतं. तेव्हा मासा 'खाली बसलाय' म्हणण्यापेक्षा कधीकधी उलटं असतं, खाली बसायला हवाच नसते. म्हणून मावशींना 'कदाचित' एवढा शब्द जोडायला सांगा.

दर्यावर्दी_देवगड

मासे विकताना 'कदाचित' म्हटलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या पाटीवर जाईल ताई.

गंगावेशकर

दोन आठवड्यांनी परत आलो. घरात नवरात्र होतं, मासा बंद. लेकीनं ठरवलं की आपणच मासा व्हायचं. गच्चीवर मोबाइलचं उजेड मोजणारं ॲप लावून पाच दिवस सूर्य कधी उगवला, कधी मावळला हे लिहिलं आणि त्यावरून आपण पृथ्वीवर कुठं आहोत ते काढलं. कुठंही पत्ता वापरायचा नाही, टॅगसारखंच.

२८ सप्टेंबरची नोंद: उगवला ६:२८, मावळला ६:२०. मधली वेळ १२:२४. त्या दिवसात सूर्य घड्याळाच्या ९ मिनिटं पुढं असतो, ती मिळवून १२:३३. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. तिथली दुपार बाराला, आपली ३३ मिनिटं उशिरा, एक अंशाला चार मिनिटं, म्हणजे सव्वाआठ अंश पश्चिमेला. उत्तर ७४.२५. खरं कोल्हापूर ७४.२४. पोरगी नाचली.

मग अक्षांश. दिवस भरला ११ तास ५२ मिनिटं. खरा असायला हवा होता १२ तास २ मिनिटं. पूर्वेला समोरचं अपार्टमेंट आणि पश्चिमेला झाडं, दोन्हीकडची पाच-पाच मिनिटं गेली. दोन्हीकडून सारखीच गेल्यामुळे दुपार चुकली नाही. पण विषुवदिनाला पाचच दिवस उलटलेले. तिनं गणित केलं, मी दोनदा तपासलं. उत्तर ४३ अंश उत्तर.

नकाशावर बोट ठेवलं. आम्ही किर्गिझस्तानात, बिश्केकच्या दाराशी. दहा मिनिटांच्या चुकीनं २९०० किलोमीटर.

शंकेखोर

आणि रेखांश बरोबर! हा धागा मी सुरुवातीला टाइमपास समजलो होतो.

मत्स्यगंधा_के

तिला सांगा, हीच चूक छापील शोधनिबंधांत सापडते, फक्त कुणी बिश्केक लिहीत नाही. २१ डिसेंबरला परत करायला सांगा. तेव्हा दहा मिनिटांची चूक अडीच-तीन अंशांची असेल. फार तर नाशिकच्या आसपास जाल.

आबा_शिरोळ

त्या बिश्केकात समुद्र हाय का?

गंगावेशकर

नाही आबा. आपल्यासारखंच, चारीकडं जमीन.

आबा_शिरोळ

मग तिथल्या मावशीला इचार, बांगडा कसा दिला.